लाइट आहे, पण माणूस दिसत नाही

बसवकल्याणहून किंवा कलबुर्गीहून रात्रीच्या बसने मुडबीकडे निघालात, की गाव मागे पडल्या पडल्या ड्रायव्हर आतली लाइट बंद करतो. कुणी सुटे पैसे मोजत असतं, कुणी पिशवीत डबा शोधत असतं, ते कुरकुरतात. पण ड्रायव्हरचा इलाज नसतो. आत उजेड असला की समोरच्या काचेत त्याला रस्ता कमी आणि मागच्या सीटवरची माणसं जास्त दिसतात. लाइट बंद केली की तोच रस्ता, दोन्ही बाजूंची तूर, मधेच आडवं येणारं कुत्रं, सगळं स्पष्ट होतं.

आता बसमधून उतरा. मुडबी हे बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्याचं गाव, कलबुर्गीच्या शिवेजवळचं. अशा कुठल्याही मोठ्या गावात हल्ली चौकात उंच खांबावर झगझगीत दिव्यांचा हायमास्ट दिसतो. त्याच्याखाली पेपर वाचता येतो. पण घराकडच्या बोळात वळलं की डोळ्यांपुढे काळंकुट्ट होतं. दहा-बारा फुटांवर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं. ते शेजारच्या घरातले काका आहेत की कुणी परका, हे कळत नाही. मग आपण मुद्दाम खाकरतो, तोही खाकरतो, आवाजावरून ओळख पटते.

आतली लाइट घालवली की बाहेरचं जास्त दिसतं, आणि चौकात एवढा झगमगाट असून बोळात दिसत नाही, या दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे: डोळा उजेड मोजत नाही, तुलना करतो. ते एकदा समजलं की गावात दिवे कुठे, किती आणि कसे लावायचे याचा विचारच बदलतो.

डोळा तुलना करतो

उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स. पेटलेल्या मेणबत्तीपासून एक मीटरवर तळहात धरला तर त्यावर पडतो तो साधारण एक लक्स उजेड. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. म्हणजे दोन्हींत तीन-चार लाख पटींचा फरक. तरीही आपण दुपारी तूर निंदतो आणि चांदण्यात त्याच बांधावरून चालत घरी येतो.

हे कसं जमतं? डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, पण तिने फार तर सोळापट फरक पडतो. खरं काम होतं ते आत, दृष्टिपटलावर. तिथे दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसपाळीच्या. त्यांना रंग आणि बारकावे कळतात, पण उजेड भरपूर लागतो. काडीसारख्या दंडपेशी रातपाळीच्या. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी मंद उजेडातही त्या काम करतात. या दंडपेशींमध्ये एक द्रव्य असतं. झगझगीत उजेड पडला की ते उडून जातं, आणि अंधारात ते पुन्हा साठायला वीस-तीस मिनिटं लागतात.

अंगणातल्या हौदासारखं समजा. हौदाचा बूच काढला की पाणी झरझर जातं, पण नळाची धार बारीक असेल तर तो भरायला अर्धा तास लागतो. हायमास्टखाली दहा मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांचा हा हौद ओसरतो, आणि तसाच ओसरलेला हौद घेऊन आपण बोळात शिरतो. बोळात उजेड अजिबात नसतो असं नाही. शेजारच्या खिडकीतून, वर आभाळातून थोडा येत असतो. चौकातून न येता शेताकडून येणाऱ्या माणसाला त्याच बोळात वाट दिसते.

वय वाढलं की हे आणखी अवघड होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही. ज्या बोळात तरुण पोरं धावत जातात तिथे म्हातारी भिंतीला हात लावत चालते, ती घाबरट असते म्हणून नव्हे.

दीपमाळ आणि रस्त्याचा दिवा

आपल्याकडे देवळापुढे दगडी दीपमाळ असते. तिच्या पणत्या लांबून दिसाव्यात, देऊळ इथे आहे हे कळावं, म्हणून ती बांधतात. ती पाहायची वस्तू आहे. रस्त्यावरच्या दिव्याचं काम नेमकं उलटं: त्याने स्वतः दिसू नये, वाट दाखवावी. मला वाटतं, गावोगावच्या दिव्यांचं निम्मं बिघडतं ते इथेच. खांबावरचं एलईडीचं तोंड वर उचलून बसवतात, उजेड लांब जाईल म्हणून. उजेड जातो तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आणि आभाळात.

डोळ्यांत शिरलेला थेट उजेड आतल्या आत विखुरतो. मोटारीच्या धुळकट काचेवर समोरच्या ट्रकचे दिवे पडले की अख्खी काच पांढरी होते, तसंच. मोतीबिंदू असेल तर ही धूळ जास्तच. या विखुरलेल्या उजेडाचा एक पडदा डोळ्यांपुढे येतो आणि मागची अंधूक वस्तू त्यात बुडते. यालाच चकाकी म्हणू.

ही चकाकी तपासायला यंत्र लागत नाही. रात्री आपल्या गल्लीत उभे राहा. तळहात कपाळाशी आडवा धरा, फक्त दिवा झाकला जाईल असा. हात धरल्यावर गल्ली जास्त स्पष्ट दिसू लागली, तर तो दिवा चुकीचा बसला आहे. त्याचं तोंड जमिनीला समांतर केलं किंवा त्याला टोपी बसवली, की तेवढ्याच विजेत जास्त दिसेल. जुन्या बायका रात्री गोठ्यात जाताना कंदील तोंडासमोर न धरता खाली, गुडघ्याजवळ धरायच्या. उजेड पावलापुढे पडायचा, डोळ्यांत जायचा नाही. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

दोन खांबांच्या मधली जागा

दिवा जेवढा लांब तेवढा उजेड कमी, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण तो किती झपाट्याने कमी होतो याचा अंदाज चुकतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. ज्वारीच्या मुठभर पिठाची भाकरी दुप्पट रुंद थापायची म्हटली तर ती चौपट पातळ करावी लागेल, तसं. शिवाय लांबच्या जमिनीवर उजेड तिरका पडतो, म्हणून तो आणखी पसरतो.

सहा मीटर उंचीवर चारी बाजूंना सारखा उजेड देणारा साधा दिवा आहे असं धरू. खांबाच्या पायाशी जेवढा उजेड, त्याच्या साधारण एक तृतीयांश सहा मीटरवर. बारा मीटरवर अकरावा हिस्सा. अठरा मीटरवर बत्तिसावा. आता गावातले विजेचे खांब पाहा. ते तारा ओढण्यासाठी उभे केलेले असतात, वाट दाखवण्यासाठी नाही. म्हणून त्यांच्यातलं अंतर सहज चाळीस-पन्नास मीटर असतं. ४८ मीटरवर दोन खांब असतील तर बरोबर मध्यावर, दोन्ही दिव्यांचा मिळून, खांबाखालच्या उजेडाचा पस्तिसावा हिस्सा उरतो. चालणारा माणूस उजेडाच्या डबक्यातून अंधाराच्या खड्ड्यात, पुन्हा डबक्यात, असा जातो आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांना नव्याने सरावावं लागतं. दिव्याखाली अंधार ही म्हण समईची आहे. आपल्या गल्लीत दिव्याखाली उजेड असतो, अंधार असतो तो दोन दिव्यांच्या मधे.

यावर मोठा दिवा लावणं हा उपाय नाही. मोठ्या दिव्याने पायथा आणि मध्य दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. तफावत तशीच राहते, वर चकाकी वाढते. तफावत कमी करायची असेल तर मधे आणखी एक खांब लावून दोन्हीकडे लहान दिवे बसवावे लागतात. चांगल्या एलईडीवर बसवलेलं भिंग पायथ्याचा उजेड थोडा काढून बाजूला फेकतं, त्यानेही पुष्कळ काम होतं. म्हणून दिवा विकत घेताना फक्त वॅट विचारू नयेत, त्याचा उजेड कसा पसरतो तेही विचारावं.

मुळात उजेड लागतो किती? रस्त्यांच्या दिव्यांसाठी आपल्याकडे आयएस १९४४ हे मानक आहे. मोठ्या वर्दळीच्या हमरस्त्याला त्यात सरासरी ३० लक्स सांगितले आहेत, आणि कमी वर्दळीच्या आतल्या रस्त्याला अवघे ४. चार मेणबत्त्यांएवढे. मात्र त्यासोबत अट आहे, की सगळ्यात अंधाऱ्या जागीही सरासरीच्या तीन दशांशापेक्षा उजेड खाली जाऊ नये. आपण सरासरीचा आकडा मनात धरतो आणि अट विसरतो.

काळी माती, पांढरी भिंत

दिव्यातून निघालेला उजेड आपल्याला दिसत नाही. कशावर तरी आपटून डोळ्यांकडे परत येतो तेवढाच दिसतो. या भागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथली माती काळी. पावसाने भिजलेली काळी माती उजेड पिऊनच टाकते. डांबरी रस्ता शंभरातला दहाएक हिस्सा परत देतो, सिमेंटचा रस्ता त्याच्या दुपटी-तिपटीने देतो. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत सत्तर-ऐंशी हिस्से परत देते. म्हणजे बोळाच्या एका भिंतीला चुना दिला तर तीच भिंत मोठ्या, मऊ, न चकाकणाऱ्या दिव्याचं काम करते, आणि तिच्यापुढून चालणाऱ्या माणसाची आकृती लांबूनही उठून दिसते. बोळातल्या पायवाटेला फरशी घालायची असेल तर शहाबादी जवळच मिळते. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरूनच तिला ते नाव पडलं. तिचा राखाडी रंग काळ्या चिखलापेक्षा कितीतरी उजळ.

दुसरी गोष्ट तुरीची. कलबुर्गी-बीदर म्हणजे तुरीचा मुलूख. पावसाळा संपता संपता गावाबाहेरच्या रस्त्यालगतची तूर माणसाच्या डोक्याएवढी होते. जून महिन्यात ज्या वळणावर लांबवर दिसत होतं तिथे नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना भिंत उभी असते, आणि दिव्याचा उजेड तिच्या शेंड्यांवरच अडतो. शाळेतून उशिरा परतणाऱ्या मुलींना याच महिन्यांत ते वळण नकोसं होतं. कडुनिंबाची फांदी दिव्यापुढे आली की गावातही तेच. वर्षातून एकदा दिव्यापुढच्या चार फांद्या छाटणं नव्या दिव्यापेक्षा स्वस्त पडतं.

पायाखाली नव्हे, चेहऱ्यावर

रस्त्यावरचा उजेड मोजताना मापक जमिनीवर ठेवतात. खड्डा दिसावा, दगड दिसावा, साप दिसावा म्हणून ते ठीकच आहे. पण रात्री एकट्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो समोरच्या माणसाचा. तो कोण आहे, आपल्याकडे पाहतोय का, त्याच्या मनात काय आहे? बाजूला व्हायला, दुकानात शिरायला, हाक मारायला वेळ मिळावा यासाठी निदान चार मीटरवरून, म्हणजे दोन बैलगाड्यांमध्ये सुटेल एवढ्या अंतरावरून, चेहरा वाचता यायला हवा असं प्रकाशयोजनाकार मानतात. त्यासाठी उजेड चेहऱ्यावर, म्हणजे उभ्या पृष्ठभागावर पडावा लागतो. दिवा बरोबर डोक्यावर असेल तर कपाळ आणि नाक उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली बसते. ओळखीचा माणूसही भेसूर दिसतो. दोन बाजूंनी, जरा कमी उंचीवरून आलेला उजेड चेहरा उलगडून दाखवतो.

इथेच बसची काच पुन्हा आठवा. स्टँडवरच्या निवाऱ्यात झगझगीत ट्यूब आणि बाहेर मिट्ट काळोख असेल, तर आत बसलेली मुलगी सगळ्यांना दिसते आणि तिला बाहेरचं कुणीच दिसत नाही. तिच्यासाठी तो निवारा आरशासारखा होतो. तिथे दिवा वाढवण्याऐवजी आतला मंद करून निवाऱ्याच्या भोवतीची वीस-पंचवीस फूट जागा उजळली, तर तिला येणारा माणूस आधीच दिसेल. मी हे मुद्दाम ठासून लिहितो आहे, कारण 'बायकांसाठी लाइट लावली' असं म्हणताना बहुतेक वेळा त्यांना दिसेल अशी नव्हे, त्या दिसतील अशी लाइट लावली जाते.

पिवळा की पांढरा

जुने सोडियमचे दिवे सगळं केशरी करायचे. त्यांच्या उजेडात निळी साडी आणि काळी साडी यात फरक कळत नसे. एलईडीने हे बदललं. त्यात निळा उजेड देणारा छोटा तुकडा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपातून तो बाहेर पडला की पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. जानेवारी २०१५मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांचे दिवे बदलण्याची योजना सुरू केली, आणि त्यातून देशभर एक कोटीहून जास्त एलईडी खांबांवर चढले.

त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हचे केशरी दिवे काढून पांढरे बसवले, तेव्हा लोक चिडले. 'राणीचा रत्नहार' म्हणून ओळखली जाणारी ती केशरी माळ गेली म्हणाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि पुढे तिथे उबदार पिवळसर छटेचे एलईडी आले. तो रुसवा निव्वळ आठवणींचा नव्हता. लेप पातळ ठेवला की दिवा निळसर पांढरा होतो. अशा उजेडात चकाकी जास्त जाणवते, आणि माणसं तिथे रेंगाळत नाहीत. पारावर, कट्ट्यावर, देवळापुढे, जिथे लोकांनी बसावं असं वाटतं तिथे समईच्या जवळ जाणारा रंग हवा. एलईडीत तो मागून मिळतो, आणि साडीचे रंगही ओळखता येतात.

उजेडाने गुन्हे कमी होतात का?

याचं सरळ उत्तर नाही. २०१६मध्ये न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे तात्पुरते मोठे दिवे उभे केले. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे तिथे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. उलट इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५मध्ये आला. खर्च वाचवायला दिवे मंद केले किंवा मध्यरात्रीनंतर बंद केले तिथे गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा सापडला नाही.

दोन्ही खरे असू शकतात. उजेड चोराला पकडत नाही. उजेडामुळे माणसं बाहेर येतात, ओट्यावर बसतात, आणि त्यांची नजर रस्त्यावर असते. जेन जेकब्स या अमेरिकी लेखिकेने १९६१मध्ये रस्त्यावरच्या या नजरांना शहराच्या सुरक्षिततेचं मूळ म्हटलं. आपल्याकडे ते सांगावं लागत नाही. जेवणं झाल्यावर ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या दोन आज्या असलेली गल्ली आणि दारं लावलेली गल्ली, दोन्हींत दिवे सारखे असले तरी मुलगी कुठून जाईल हे कुणीही सांगेल. म्हणून दिव्यांचा पैसा थोडाच असेल तर तो आधी जिथे माणसं बसू शकतील तिथे, आणि बसस्टँड, दवाखाना, शौचालय, पाण्याचा नळ यांना जोडणाऱ्या एका सलग वाटेवर घालावा. पुढे जाऊन अंधारात संपणारी अर्धी उजळलेली वाट माणसाला फसवते.

> रात्रीची फेरी
> १९८९मध्ये कॅनडातल्या टोरोंटोत बायकांनी रात्री एकत्र फिरून कुठे भीती वाटते ते टिपायची पद्धत सुरू केली. भारतात २०१३पासून सेफ्टीपिन हे अॅप तेच काम करतं. गावाला अॅपही लागत नाही. अमावास्येच्या जवळच्या रात्री आठ-दहा जणींनी, त्यांत एक म्हातारी आणि एक शाळकरी मुलगी हवीच, स्टँडपासून शेवटच्या घरापर्यंत चालावं. कपाळावर हात धरून प्रत्येक दिवा तपासावा. निदान चार मीटरवरून चेहरा ओळखू येतो का ते पाहावं. पुढे धोका दिसला तर वळायला दुसरी वाट आहे का, हाक ऐकायला कुणी आहे का, तेही टिपावं. तो कागद ग्रामसभेत पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, हाती द्यावा.

रात्रही हवी

२०२४च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात किडे दिव्याभोवती का घिरट्या घालतात याचं नवं उत्तर मिळालं. उडताना ते आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण लाखो वर्षं उजेड म्हणजे आभाळ, म्हणजे वर. दिवा बाजूला आला की त्यांचं 'वर' चुकतं आणि ते फिरत राहतात. किड्यांमागे बेडूक येतात, बेडकांमागे साप येऊ शकतो. त्यामुळे दिवा घराच्या उंबऱ्याला लागून असण्यापेक्षा थोडा लांब, वाटेवर बरा. त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं गडद-आकाश उद्यान, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, ही मान्यता मिळाली. गावातही थोडा काळोख राखता येतो: रात्री अकरानंतर दिवे निम्म्यावर आणले तरी डोळ्याला तो फरक निम्म्याएवढा वाटत नाही, कारण तो तुलना करतो. विजेचं बिल मात्र खरोखर उतरतं. दिवसा जळत राहणाऱ्या दिव्यांना सूर्यास्त ओळखणारा साधा स्विच बसवला तर आणखी.

एक दिवा गेला तर

चोवीस मीटरवर एक असे नीट दिवे लावले आणि त्यातला एक गेला, तर आपल्याला वाटतं गल्लीतली एकच लाइट गेली. पण त्या खांबाच्या दोन्ही बाजूंचे दिवे आता ४८ मीटरवर आहेत. विझलेल्या दिव्याखाली जिथे सगळ्यात जास्त उजेड होता तिथे आता त्याचा पस्तिसावा हिस्सा आहे. आधी केलेलं सगळं गणित एका दिव्याने मोडतं, आणि नेमक्या त्या जागेवरून बायका वळसा घालून जायला लागतात.

तक्रार करायला गेलं की लाइनमन विचारतो, कुठला खांब? आणि आपण सांगतो, किराणा दुकानाच्या पुढे, कडुनिंबाच्या अलीकडे. तो येतो, दुसऱ्याच खांबावर चढतो, किंवा येतच नाही. प्रत्येक खांबावर डोळ्याच्या उंचीवर पिवळा पट्टा मारून त्यावर काळ्या रंगात नंबर घातला, आणि खाली फोन करायचा नंबर लिहिला, तर शाळेतली पोरगीही सांगू शकेल: सतरा नंबरची लाइट परवापासून बंद आहे. अख्ख्या गावाला रंगाचे दोन डबे आणि रविवारची एक सकाळ पुरेल.